फाइल उघडायची कोणी?

"पाच मिनिटांचं काम आहे," असं साहेब म्हणाले, तेव्हाच मी आजारी पडायला हवं होतं. आमच्या ऑफिसात ज्याला पाच मिनिटांचं काम म्हणतात त्यात धडधाकट माणसाचे केस पांढरे होतात. पण मी पडलो भिडस्त. समोरच्यानं काहीही सांगितलं की माझ्या तोंडून आधी 'हो' निघतं आणि मग त्यानं काय सांगितलं ते कळतं. म्हटलं, "हो साहेब."

काम काय, तर एक बटण कुठे ठेवायचं ते ठरवायचं.

आता तुम्ही म्हणाल, बटण काय कुठेही ठेवा. मीही तेच म्हणालो होतो. पण जरा ऐकून घ्या. कॉम्प्युटरवर एखादी फाइल असते, तुम्ही तिच्यावर दोनदा टिचकी मारता आणि ती उघडते. ती काही आपली आपण उघडत नाही. कुठलातरी प्रोग्राम पुढे येऊन तिला उघडतो. गाणं असेल तर गाण्याचा, पत्र असेल तर पत्राचा. कुणी कुठली फाइल उघडायची हे आधीच ठरलेलं असतं आणि एरवी सगळे गुण्यागोविंदानं नांदतात. आमची कंपनी फोटो आणि कागदपत्रं बघायचा एक प्रोग्राम बनवते. हा प्रोग्राम एकदा का कॉम्प्युटरवर चढवला, की तो मुक्कामाला आलेल्या लांबच्या मामासारखा वागतो. बेल कुणासाठीही वाजो, दार हाच उघडणार. फोटो असो, हिशोब असो, गाणं असो, सगळ्यात पुढे हा.

एका आजोबांनी ऑफिसात फोन करून सांगितलं, "नातीचं गाणं ऐकायला गेलो तर तुमचा प्रोग्राम मला काळी चौकट दाखवतो आणि विचारतो, फोटो थोडा उजळ करू का?" असे फोन वाढले तेव्हा साहेबांनी ठरवलं की गिऱ्हाइकाला एक सोय द्यायची. 'बाबा रे, तू या फाइली उघडू नकोस' असं प्रोग्रामला सांगायची सोय. ती कुठे ठेवायची एवढंच ठरवायचं होतं. आणि प्रोग्राममधल्या मदतीच्या सूचना मी लिहीत असल्यामुळे, म्हणजे 'इथे क्लिक करा' हे वाक्य आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा मीच लिहिलेलं असल्यामुळे, गिऱ्हाइकाचं मन मला कळतं असं साहेबांना वाटलं. मला समन्वयक केलं. समन्वयक म्हणजे ज्याला अधिकार काही नसतो, पण नंतर ज्याला विचारतात की हे असं कसं झालं.

पहिला मी गेलो आमच्या प्रोग्रामरकडे. याला ऑफिसात 'तळघर' म्हणतात. कुठलीही गोष्ट तो इतकी खोल पुरतो की त्याची त्यालाही सापडत नाही. तो स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला, "ऑप्शन्स, त्यात अॅडव्हान्स्ड, त्यात इतर, आणि तिथे अगदी खाली."

"अहो, पण तिथे माणूस पोचणार कसा?"

"ज्याला गरज आहे तो पोचेल. ज्याला पोचता येत नाही त्यानं हात लावू नये."

हे मला पटलं नाही. पण त्यानं असं काही पाहिलं माझ्याकडे, की मी म्हटलं, "हो, बरोबर आहे तुमचं."

मग गेलो 'रंगारणी'कडे. प्रोग्राम दिसायला कसा असावा हे ठरवणारी ती. तिचं म्हणणं, असं लपवालपवीचं काम तिला जमणार नाही. प्रोग्राम उघडल्या उघडल्या पहिल्याच पानावर भलंमोठं हिरवं बटण हवं. "माणसाला स्वागत वाटलं पाहिजे," ती म्हणाली. बटण दाबल्यावर प्रोग्राम जाणार, तर स्वागत कसलं, असं विचारावंसं वाटलं. पण तिनं बटणाचे हिरवे रंग आधीच निवडून ठेवले होते आणि एकेक करून दाखवायला सुरुवातही केली होती. मी म्हटलं, "हो, छान दिसेल."

तिसरे विक्रीप्रमुख. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि खांद्यावर हात ठेवला. हात ठेवला म्हणजे गळ्यापर्यंत येणार हे मला अनुभवानं माहीत आहे. "सोय द्या," ते म्हणाले. "अवश्य द्या. 'आमच्याविषयी' म्हणून एक पान असतं बघा, जे कधीच कुणी वाचत नाही, तिथे द्या. आणि समजा एखाद्यानं चुकून बंद केलंच, तर थोड्या वेळानं ते आपोआप पुन्हा सुरू व्हायला हवं. माणूस चुकतो हो. आपण सांभाळून घ्यायचं."

मी चहा प्यायलेला. आता चहा पिऊन नाही कसं म्हणायचं? "हो," म्हटलं, "बघू या."

घरी आलो तो डोकं भणभणलेलं. दारातच समोरचे दातांचे डॉक्टर भेटले. यांना कुठलीही अडचण सांगितली की ते आधी "आ करा" म्हणतात की काय अशी भीती वाटते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "हे बघा, पेशंटला अवजारं दिसता कामा नयेत. दिसली की तो उठून पळतो. ते बटण ड्रॉवरमध्ये ठेवा." खालच्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होत्या, त्या थांबल्या. "आमच्या ह्यांचा चष्मा रोज हरवतो," त्या म्हणाल्या. "पूर्वी मी तो जागेवर ठेवायची. त्यांना कधी सापडला नाही. आता ते आधी जिथे शोधतात, तिथेच नेऊन ठेवते." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बाईंना सॉफ्टवेअरमधलं काय कळतंय! एवढी शहाणी गोष्ट त्या महिन्यात मला दुसऱ्या कुणीही सांगितली नाही, पण तेव्हा मी समन्वयक होतो.

मग बैठका सुरू झाल्या. पहिल्या बैठकीत 'बटण' म्हणावं की 'सोय' यावर चर्चा झाली. दुसऱ्या बैठकीत पहिल्या बैठकीला न आलेल्यांना पहिली समजावून सांगण्यात आली. तिसऱ्या बैठकीला साहेबच आले नाहीत, त्यामुळे खूप काम झालं आणि ते सगळं चौथीत रद्द झालं. आमच्या ऑफिसची एक रीत आहे. बैठकीत कुणी कुणाला नाही म्हणत नाही. सगळे "बघू या" म्हणून उठतात आणि जागेवर जाऊन ज्याला जे करायचं ते करतात. आणि करण्याआधी एकेकटे येऊन मला विचारून जातात, "मग माझंच धरू ना?" मी म्हणतो, "हो."

अशी तिघांची तीन 'हो' माझ्याकडून गेली. तिघांनी आपापल्या जागी आपापलं बटण बसवलं. एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. मला तिन्ही माहीत, पण मला वाटलं, गिऱ्हाइकाचं काय वाईट आहे? एक मागितलं, तीन मिळाली.

नवा प्रोग्राम तयार झाला तेव्हा साहेबांनी फर्मान काढलं की प्रत्येकानं तो घरी नेऊन चढवावा आणि गिऱ्हाइकाच्या नजरेतून बघावा. आमच्या घरात कॉम्प्युटर एकच, बेडरूमच्या खिडकीशी. तो 'आमचा' आहे असं मी म्हणतो. पण गेले काही महिने त्याच्यावर माझी बायको बसते.

आता तिचं सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिची आहे. लग्नाआधीपासून ती एका बांधकामाच्या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायची. हात असा, की तिथले मोठे साहेब तिच्या नकाशावर सही करताना चष्मासुद्धा लावायचे नाहीत, नुसती सही ठोकायचे. मुलगी झाली, तेव्हा ती "थोडे दिवस" म्हणून घरी बसली. आता मुलगी उंचीनं तिच्या खांद्याला लागली. मधल्या काळात नकाशे कागदावरून कॉम्प्युटरवर गेले. ते सगळं ती घरचं आवरून, दुपारी एकटी बसून नव्यानं शिकली. कुणाला सांगितलं नाही. मग तिनं एका ऑफिसात अर्ज केला आणि तिथून उत्तर आलं, की अमुक सकाळी एक नकाशा पाठवू, त्यातल्या चुका शोधून, दुरुस्त करून दुपारी बाराच्या आत परत पाठवा. बारा म्हणजे बारा. हे तिनं फक्त मला सांगितलं. मी फक्त दातांच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यामुळे सगळ्या इमारतीला कळलं.

त्या सकाळी तिनं ठरवून केस घट्ट बांधले होते. मी निघताना म्हणालो, "घाबरू नकोस."

"मी कुठे घाबरलेय?" ती म्हणाली आणि माझ्या डब्याच्या पिशवीत चुकून टेबलावरची कात्री ठेवली.

मी ऑफिसला गेलो. आदल्या संध्याकाळी, ती भाजी आणायला बाहेर गेलेली असताना, मी तो नवा प्रोग्राम घरच्या कॉम्प्युटरवर चढवला होता, हे तिला सांगायचं राहून गेलं. विचारायचं तर त्याहून आधी राहून गेलं होतं.

अकरा वाजून गेले असतील. आम्ही सगळे बैठकीत. साहेब मध्ये, विक्रीप्रमुख त्यांच्या उजव्या हाताला, रंगारीण आणि तळघर एकमेकांकडे पाठ करून. विषय अर्थात बटण. माझा मोबाइल वाजला. बायको ऑफिसात कधी फोन करत नाही, म्हणून घेतला.

"अहो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज ऐकून मी खुर्चीतून अर्धा उठलो. "नकाशा उघडतच नाही. म्हणजे उघडतो, पण तुमच्या त्या प्रोग्राममध्ये. नुसता दिसतो, हात लावता येत नाही. आणि विचारतोय, फोटो थोडा उजळ करू का?"

"अगं, मग तुझा नकाशांचा प्रोग्राम आधी उघड आणि…"

"तेच केलं! त्याच्या चित्रावर टिचकी मारली तर तुमचाच उघडला. गाण्यांच्या चित्रावर मारली, तुमचाच उघडला. कशालाही हात लावा, हाच येतो! मी केव्हाची झगडतेय. काय केलंय हो तुम्ही माझ्या कॉम्प्युटरला?"

मी फोनवर हात ठेवून तळघराकडे पाहिलं. "आपण नक्की कुठल्या कुठल्या फाइली घेतो?"

"सगळ्या," तो म्हणाला. "विक्रीवाल्यांनी सांगितलं होतं, सगळ्या घ्या. प्रोग्राम उघडायची जी चित्रं असतात, तीपण फाइलीच असतात. त्यापण घेतल्या."

साहेब म्हणाले, "काय झालं?" मी थोडक्यात सांगितलं. साहेबांचे डोळे चमकले. "अरे वा! म्हणजे खरंखुरं गिऱ्हाईक. फोन स्पीकरवर टाका. वहिनी, नमस्कार! काळजी करू नका, आमची पूर्ण टीम इथे बसलेली आहे."

टेबलाच्या मध्यभागी माझा फोन ठेवला गेला आणि त्यातून माझ्या बायकोचा श्वास सगळ्यांना ऐकू यायला लागला.

"ऑप्शन्समध्ये जा, वहिनी," तळघर म्हणाला, "अॅडव्हान्स्ड, मग इतर, मग खाली खाली जात राहा."

"काही गरज नाही," रंगारीण म्हणाली. "समोर हिरवं बटण आहे की! किती हिरवं आहे, दिसत नाही का?"

तळघरानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू त्याच्या घरात कुणी खिडकी पाडली होती. "हिरवं बटण? कुणी सांगितलं बसवायला?"

"यांनी," रंगारणीनं माझ्याकडे बोट केलं. "आणि तुला कुणी सांगितलं?"

"यांनीच."

विक्रीप्रमुख खाकरले. "मलाही हेच म्हणाले."

एवढ्या माणसांसमोर माझी इतकी शोभा माझ्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनीही केली नव्हती. पण लाजायलाही वेळ नव्हता. फोनमधून आवाज येत होता. "हिरवं दाबलं. गेला… आला परत! आता ते 'इतर'मधलं खालचं दाबलं. गेला… अहो, हिरवं पुन्हा आपोआप सुरू झालं!"

तळघराच्या बटणानं बंद केलं की रंगारणीचं बटण म्हणायचं, मी तर चालू आहे. तिचं बंद केलं की तळघराचं जागं व्हायचं. आणि दोन्ही बंद झाली, की विक्रीप्रमुखांचं ते सांभाळून घेणारं बटण दोघांनाही हाताला धरून उठवायचं. तिघांपैकी एकाचंही चुकलेलं नव्हतं. प्रत्येक जण आपलं काम चोख करत होता. चूक होती ती मी वाटलेल्या तीन 'हों'ची.

"वहिनी, पहिलं पान…"

"नाही, आधी अॅडव्हान्स्ड…"

"मी सांगतो, 'आमच्याविषयी'मध्ये जा आणि…"

"अहो," फोनमधून बारीक आवाज आला, "राहू दे. वेळ संपत आला. जाऊ दे. मी त्यांना कळवते, जमलं नाही म्हणून." आणि मग अगदी हळू, स्वतःशीच बोलावं तसं, "माझंच चुकलं. या वयात कशाला असले उद्योग."

मला आयुष्यात राग फार येत नाही. आलाच तर तो साधारण दोन दिवसांनी, आंघोळ करताना येतो. पण त्या क्षणी तो वेळेवर आला.

"गप्प बसा सगळे!" मी ओरडलो. साहेबसुद्धा गप्प बसले. बहुतेक धक्क्यानं. "तू कुठेही काही कळवायचं नाहीस. तुझं काही चुकलेलं नाही. ऐक. कॉम्प्युटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जा. दातेरी चाकाचं चित्र आहे ना कोपऱ्यात, ते. तेवढं एक कॉम्प्युटर कुणाला बळकावू देत नाही. प्रोग्रामांची यादी काढ. त्यात आमचं नाव शोध आणि काढून टाक."

"काय काढून टाक?"

"आमचा प्रोग्राम. मुळासकट."

विक्रीप्रमुखांनी छातीवर हात ठेवला. साहेब माझ्याकडे असे बघत होते, जणू मी खुर्चीवर उभा राहून गाणं म्हणतोय. पण माझं लक्ष फोनकडे होतं.

"काढते," ती म्हणाली. "थांबा, काहीतरी आलं. 'आपण खरंच निघालात? आपल्याशिवाय आम्हाला करमणार नाही. जाण्याआधी आमचं काय चुकलं ते सांगाल का?' काय हे गळेपडूपण! कुणी लिहिलंय हे?"

टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही?" मग ती म्हणाली, "आणि आता खाली चौकट आहे, काय चुकलं ते लिहिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही."

"मग लिही."

"काय लिहू?"

"मनात येईल ते लिही."

कळा दाबल्याचा टकटक आवाज आला. भराभर, जोरात. बराच वेळ आला. काय लिहिलं ते तिनं मला आजतागायत सांगितलेलं नाही. ते उत्तर थेट कंपनीत, साहेबांच्याकडे जातं. त्यांनीही सांगितलेलं नाही, पण तेव्हापासून ते तिची चौकशी फार आदरानं करतात.

"गेला," ती म्हणाली. "चित्रं आली सगळी जागेवर. आता नकाशावर टिचकी मारते." आम्ही सगळे टेबलावर वाकलो होतो. "आता वेगळंच काहीतरी आलं. 'ही फाइल कशात उघडायची?' असं विचारतोय. खाली सगळ्या प्रोग्रामांची नावं आहेत, माझ्या प्रोग्रामचंपण." ती थांबली आणि मग खुदकन हसली. "विचारलं बाई एकदाचं कुणीतरी!"

आणि तिनं फोन ठेवून दिला. तिला काम होतं.

साहेबांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. मग साहेब म्हणाले, "आपल्याच माणसानं, आपल्याच बैठकीत, आपलाच प्रोग्राम काढायला लावला?"

"हो साहेब," मी म्हटलं. हे 'हो' मात्र मी विचार करून म्हटलं होतं. आणि तोंड उघडलंच होतं म्हणून पुढेही बोललो. "ते बटण कुठेच नको. आधी सगळं बळकावायचं आणि मग सोडवायला बटण द्यायचं, हा कुठला न्याय? चढवतानाच एकदा विचारा, या फाइली आम्ही उघडू का? नाही म्हणाले तर नाही. परत विचारायचं नाही, रडायचं नाही." शेवटचं वाक्य मला स्वतःला लागू होतं, म्हणून ते जरा मोठ्यानं म्हटलं.

विक्रीप्रमुख म्हणाले, "लोक नाही म्हणतील."

"म्हणू द्या," रंगारीण म्हणाली. तळघरानं पहिल्यांदाच तिच्या बाजूनं मान हलवली. साहेबांनी पेन बंद केलं आणि "बघू या" म्हणून उठले. आमच्याकडे याचा अर्थ काय होतो तो मी मघाशी सांगितलाच आहे. त्याच दुपारी तळघरानं तिन्ही बटणं काढून टाकली आणि काढण्याआधी तो मला विचारायला आला नाही.

संध्याकाळी घरी गेलो तो चोरासारखा. दारात दातांचे डॉक्टर उभे होतेच. "काय झालं हो परीक्षेचं?" मी हात हलवून आत सटकलो. ती खिडकीशी बसली होती, डोळे लाल, केस सुटलेले.

"नकाशा गेला?" मी विचारलं.

"गेला. अगदी बाराला गेला. पण जिन्याच्या एका पायरीचं माप तपासायचं राहिलं. त्यांना तसं लिहून कळवलंय, की एवढं राहिलं." ती थोडी थांबली. "अहो, मला न विचारता पुन्हा त्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही."

"नाही लावणार," मी म्हटलं. आणि ऑफिसात साहेबांसमोर केलेलं भाषण तिला ऐकवायला सुरुवात केली. तिनं ते निम्म्यापर्यंत ऐकलं आणि माझ्या डब्याच्या पिशवीतून कात्री काढून जागेवर ठेवली. पुढचे काही दिवस आम्ही दोघंही त्या विषयावर बोललो नाही. फोन वाजला की मात्र ती जिथे असेल तिथे थबकायची आणि फोन दुसऱ्याच कुणाचा निघाला की काही झालंच नाही असं दाखवायची. मला ते बघवत नव्हतं.

मग एका संध्याकाळी ती भांडी घासत असताना तिचा फोन वाजला. तिचे हात साबणात. "घ्या हो तेवढा," ती म्हणाली. मी घेतला. त्या ऑफिसातल्या एक बाई बोलत होत्या. नकाशा आवडला, चुका सगळ्या सापडल्या, आणि काय राहिलं ते स्वतःहून सांगितलं हे तर फारच आवडलं. मॅडम सोमवारपासून येऊ शकतील का?

माझ्या ओठांवर 'हो' आलं होतं. अगदी ओठांच्या कडेला येऊन उभं होतं. अहो, बायकोला नोकरी लागत होती! कुणीही म्हटलं असतं. मी ते गिळलं.

"एक मिनिट हं," मी म्हटलं, "तिला विचारतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग नळ बंद केला, हात सावकाश पुसले, एकेक बोट पुसलं आणि फोन घेतला. "हं," ती म्हणाली. "हं. हो का? बरं. उद्या सकाळी कळवते." आणि फोन ठेवला.

"अगं, कळवते काय?" मी जवळजवळ किंचाळलो. "हो म्हणायचं ना सरळ!"

"म्हणणार आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "उद्या सकाळी. आजची एक संध्याकाळ त्यांना वाट बघू दे. मी किती वर्षं बघितलीय."

मग तिनं उरलेली भांडी माझ्यापुढे सरकवली, साबण माझ्या हातात दिला आणि जाऊन खिडकीशी बसली. मला काही विचारलं नाही.